वारसा कशाचा मागायचा?

१

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक होती. विषय, खाजगी क्षेत्रातले आरक्षण. बोलणारे बोलले. प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीप्रमाणे सगळे गप्प. मग मागून एक पोरगा उठला. बी. कॉम. झालेला, एका हापिसात बिलांची एन्ट्री करायचा. म्हणाला, "दादा, माझं काम आता कॉम्प्युटर स्वतःच करतो. आम्ही बाराजण होतो, तिघांना ठेवलं. तुम्ही आरक्षण मागताय ते बरोबर. पण नोकरीच उरणार नसेल तर आरक्षण मागायचं कशात?"

त्याच्या शेजारी दुसरा बसला होता. त्याचा बाप नगरपालिकेत सफाई कामगार होता, दोन वर्षांमागे वारला. पोरगा तेव्हापासून वारसा हक्काच्या नोकरीसाठी खेटे घालतो आहे. तो म्हणाला, "सायेब सांगतो, आता झाडायला गाड्या येणार, चेंबर उपसायला गाड्या येणार, माणसं कशाला भरायची? म्हणजे माझ्या आधी मशीनच भरती झालं."

लोक हसले. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली. तीस वर्षे झाडू मारून रिटायर झालेली. "मशिनीला कशाला शिव्या देता रं? माझा भाऊ चेंबरात गुदमरून मेला तवा कुठं हुती मशीन? आली असती तर मी तिला ओवाळलं असतं."

मग कोणी हसले नाही. बैठक तिथेच मोडली. तिघेही खरे बोलत होते आणि तिघांचे खरे एकमेकांच्या उरावर बसले होते. माझ्याजवळ त्या रात्री उत्तर नव्हते. आज आहे ते पुरे आहे असेही नाही. पण मित्रांनो, या प्रश्नाला टाळून आपली चळवळ चार पावलेही पुढे जाणार नाही, म्हणून लिहितो आहे.

प्रश्न असा. जे काम जातीने आपल्या गळ्यात बांधले, ते यंत्र घेऊन चालले असेल तर आपण यंत्राला आडवे पडायचे काय? आणि जे काम आपण शिकून, झगडून, आरक्षणाची लढाई लढून मिळवले, तेही यंत्र घेऊन चालले असेल तर मग?

२

आपल्यातल्या शिकलेल्यांजवळ दोन तयार उत्तरे असतात. एक म्हणतो, यंत्राला जात नसते, येऊ द्या, जात आपोआप मोडेल. दुसरा म्हणतो, यंत्र हे भांडवलदाराचे हत्यार, अडवा त्याला. दोघांनीही गिरणीचा इतिहास विसरलेला असतो.

मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा आपली माणसे गावची येसकरकी सोडून तिथे आली. गिरणीत पट्टा फिरतो, चाक फिरते, वाफ जोर लावते. विलायतेहून आलेला माग. त्याला महार ठाऊक नाही, मराठा ठाऊक नाही. पण विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे आपल्या माणसाला मज्जाव होता. कारण काय? धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर बाकीचे कामगार बाटत होते! म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या खात्यांत राहिला. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे केला आणि संपाच्या मागण्यांत तो घाला असा कामगार पुढाऱ्यांजवळ आग्रह धरला. वाफेच्या जोरावर चालणारा माग थुंकीच्या विटाळापुढे हरला होता. तेव्हा यंत्र आले की जात जाते, हे सांगणाऱ्याला गिरणीच्या दारात उभे करा.

दुसऱ्यालाही तिथेच उभे करा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही. माणसेच संपली. नंतर एकेक गिरणी बंद पडली. माग भंगारात गेले, जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. भंगारात गेलेल्या यंत्राबरोबर मालकाचे काही गेले काय? नाही. जमीन त्याच्या नावावर होती. गेले ते कामगाराचे, ज्याच्या नावावर फक्त हजेरी होती. यंत्र आले तेव्हा आणि यंत्र गेले तेव्हाही मार आपल्यालाच. मग भांडण यंत्राशी कसे? भांडण कागदाशी आहे, त्या कागदावर कोणाचे नाव आहे याच्याशी आहे.

३

बाबासाहेबांनी हे फार आधी सांगून ठेवले आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे विचारणारा त्यांचा ग्रंथ १९४५ साली आला. गांधीजींचा चरखा, त्यांची खेड्याची ओढ, यंत्राबद्दलची नावड, हे सगळे त्यात बाबासाहेबांनी उलटेपालटे करून तपासले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जनावर राबते, खाते, झोपते. माणसाला याच्यापलीकडे काही लागते. त्याला वाचायला, विचार करायला, मन वाढवायला फुरसत लागते, आणि गरिबाला ती फुरसत यंत्राशिवाय मिळणार नाही. यंत्रामुळे पिळवणूक झाली असेल तर दोष यंत्राचा नाही, खाजगी मालकी आणि नफा यांना देव करून बसवणाऱ्या समाजरचनेचा आहे. तेव्हा यंत्र फोडू नका, रचना बदला.

हे बोलायला आपलाच माणूस लागतो. ज्याच्या आज्याने मेलेले ढोर ओढले, त्याला हाताने काम करण्यातले काव्य कोणी सांगू नये. शरीरश्रमाची महती गाणारे बहुतेक लोक ते श्रम दुसऱ्याच्या शरीराने करून घेतात.

पण बाबासाहेब यंत्राचे भाट नव्हते. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी दोन शत्रू दाखवले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात कामगार खाते त्यांच्याकडे आले. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. फुरसत ही त्यांनी पुस्तकात ठेवली नाही, कायद्यात आणली. आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूळ उद्योग, विमा आणि शेती सरकारच्या मालकीची असावीत, तेही घटनेतच लिहून ठेवावे, अशी मागणी केली.

आता आजचे बघा. १९४६ पासून आजवर यंत्राचा वेग किती पटींनी वाढला याचा हिशेब करता येणार नाही. त्या हिशेबाने कामाचे तास चारावर यायला हवे होते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काय मंजूर केले? कारखान्यात दिवसाचे ९ तास होते त्यांचे १२ करायला मुभा, आणि तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर. आठवड्याचे ४८ तसेच ठेवले आहेत, असे सांगतात. कागदावर ठेवले असतील. पण रोज बारा तास उभा राहिलेला माणूस घरी जाऊन पोराची वही बघत नाही, सभेला येत नाही. तो जेवतो आणि झोपतो. बाबासाहेब ज्याला जनावराचे जिणे म्हणत होते तेच हे.

यंत्राने वाचवलेला वेळ गेला कुठे? हा एकच प्रश्न धरून ठेवा. बाकी सगळे याच्यातच आहे.

४

आता गटाराकडे येऊ. म्हातारीचा प्रश्न होता, मशीन कुठे होती?

मशीन आहे. २०१८ पासून केरळात मॅनहोल साफ करणारे यंत्र आहे. तिथल्या तरुण इंजिनिअरांनी बनवले. नाव बँडिकूट, म्हणजे आपली घूस. माणूस वर उभा राहून पडद्यावर बघतो, घूस खाली उतरते. पाण्याच्या दाबाने गटार मोकळे करणाऱ्या गाड्या तर त्याच्याही आधीपासून आहेत. मंगळावर यान पाठवणारा हा देश. त्याला गटारात बादली सोडता येत नाही असे कोणी म्हणणार नाही.

कायदाही आहे. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घराला १० लाख रुपये द्या. २०२३ साली तोच आकडा ३० लाख केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणूस गटारात उतरवायचा नाही असा आदेश दिला. आणि २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली, हे सरकारनेच संसदेत सांगितले. सरकारी आकडा. म्हणजे कागदावर आलेली.

यंत्र आहे, कायदा आहे, तरी माणूस उतरतो. का उतरतो?

कारण साधे आहे. यंत्राला किंमत पडते. डिझेल लागते, चालक लागतो, बिघडले तर दुरुस्तीला पैसे लागतात. आपला माणूस नाक्यावर पाचशे रुपयांत मिळतो, स्वतःच्या पायाने येतो, बिघडला तर दुरुस्त करावा लागत नाही, दुसरा मिळतो. एवढ्या स्वस्तात माणूस कुठून येतो? जात पुरवते. केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत गटारात उतरणाऱ्या कामगारांची नोंद झाली. २०२४ साली बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे त्या कामगारांत दर दहामागे जवळजवळ सात अनुसूचित जातींचे निघाले. पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाला दुसरे काही करूच द्यायचे नाही, मग तो समाज यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. हे बाजाराचे गणित आहे असे अर्थशास्त्री म्हणतील. पण या गणितातला पहिला आकडा मनूने मांडलेला आहे.

पण थांबा. यंत्र आपल्यापर्यंत अजिबात आले नाही असे नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे उभा आहे, कधी बसला, हद्दीबाहेर गेला का, हे हापिसातल्या पडद्यावर दिसणार. गटारात उतरायला यंत्र नाही, मनगटाला बांधायला आहे! पूर्वी महाराच्या हातात घुंगराची काठी दिसायची, गावाला कळावे कोण चालले आहे. आता घुंगूर वाजत नाही, पडद्यावर ठिपका हलतो.

यावरून मी एक नियम काढला आहे. तो तुम्ही तपासून बघा. ज्या कामात माणूस महाग आहे तिथे यंत्र माणसाला काढायला येते. ज्या कामात माणूस स्वस्त आहे तिथे यंत्र माणसावर पहारा ठेवायला येते.

५

आता त्या बी. कॉम. झालेल्या पोराचे.

आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीची नोकरी कोणती होती? कारकून, टायपिस्ट, बँकेतला शिपाई, कॅशिअर, तलाठी. टायपिंगचे सर्टिफिकेट हा आपल्या वस्त्यांतला पहिला पासपोर्ट. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, आपण एमएस-सीआयटी केले. एकेक पायरी चढताना खालची कोणीतरी काढून घेत होते, तरी चढलो. आता आलेली कृत्रिम बुद्धिमत्ता नेमकी याच पायऱ्यांवर बसते आहे. पत्र लिहिणे, बिल तपासणे, नोंदी करणे, भाषांतर, फोनवर उत्तरे देणे. हातगाडी ओढणाऱ्याला ती आज धक्का लावत नाही. हातगाडीवाल्याचा पोरगा जिथे पोचला होता तिथे लावते.

वर बसलेलेही हलले आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसे कमी करणार म्हणून जाहीर केले. कंपनीचे म्हणणे, कारण एआय नाही, कौशल्याचे जुळत नाही. असेल. पण ज्याची नोकरी जाते त्याला कारण कोणते यापेक्षा पुढचे दार उघडे आहे की नाही याची काळजी असते. आणि दाराचे आपल्याला जुने अनुभव आहेत. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या दोन तृतीयांशच निघाली. तेव्हा अर्ज माणूस वाचत होता. आता पुष्कळ ठिकाणी पहिली चाळण यंत्र लावते. मग यंत्र तरी निःपक्ष असेल?

हे यंत्र शिकते कसे ते समजून घ्या. कोट्यवधी लोकांनी लिहिलेले ते गिळते, आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येतो याचे गणित बांधते. लिहिण्याची मक्तेदारी हजारो वर्षे ज्यांच्याकडे होती त्यांचाच घास त्याच्या पोटात जास्त. २०२५ साली एका दलित संशोधकाने आपल्या अर्जाचे इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटीला दिले. इंग्रजी सुधारून आले, आणि त्याबरोबर आडनाव बदलून 'शर्मा' झाले. कोणी त्याला तसे सांगितले नव्हते. त्याच्या गणितात संशोधक म्हटले की शर्मा येतो. कोणाचा द्वेष नाही, कोणाचा कट नाही. शाळेत मास्तराने बाकावरून उठवले तर त्याच्याशी भांडता तरी येत होते. इथे मास्तरच नाही, नुसते उठवणे आहे.

आणि या यंत्रालाही गटार आहे, हे लक्षात घ्या. माणसांनी जगभर लिहून ठेवलेली घाण, खून, बलात्कार, पोरांवरचे अत्याचार, हे सगळे त्या घासात येते. ते वेगळे काढल्याशिवाय यंत्र चारचौघांत बसवण्यासारखे होत नाही. ते काढले कोणी? जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने छापले की चॅटजीपीटीसाठी हे काम केनियातल्या नैरोबीत बसलेल्या माणसांनी केले, तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीवर. रोज ती घाण वाचून त्यांची डोकी फिरायची पाळी आली. केनियात आपली जात नाही. पण घाण उपसायला एक माणूस लागतो, तो स्वस्त असावा लागतो आणि दिसू नये लागतो, हे गावकुसाचे सूत्र तिथे कोणी शिकवायला गेले नव्हते. तंत्रज्ञानाच्या नव्या गावालाही कुसाबाहेरची वस्ती लागली.

६

आता मुख्य प्रश्न, वारशाचा.

महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. आपल्या हजारो घरांत चूल त्यावर पेटते. नोकरीबरोबर पगार, फंड, पेन्शन, आणि मोठ्या शहरात डोक्यावर खोली. बाप मेला आणि नोकरी गेली तर खोलीही जाते. म्हणून एम. ए. झालेला पोरगाही झाडू धरतो. त्याला हसू नका. त्याच्या आईने रस्त्यावर जावे असे तुम्हाला वाटते काय?

पण हेही बघा, की या देशात वारसा कोणाला कशाचा मिळतो. कोणाला जमिनीचा, कोणाला कारखान्याचा, कोणाला देवळाच्या पेटीचा. आपल्याला झाडूचा. आणि तो झाडू टिकावा म्हणून आपणच मोर्चे काढतो. जातीची सगळ्यात मोठी चलाखी ही, की ती आपल्याला आपल्याच बेडीचे रखवालदार करते.

हा पेच नवा नाही. १९२७ ला महाड झाले, आणि गावोगाव आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे, ते मांस खाणे सोडले. त्या वेळी प्रत्येक घरात एक म्हातारा विचारत होता, "बलुतं सोडलं तर खायचं काय?" प्रश्न खोटा नव्हता. गावाने बहिष्कार टाकले, दाणा तोडला. पण बाबासाहेबांनी लोकांना नुसते सोडा म्हणून सांगितले नाही. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. त्या बिलाचा गाभा काय होता? ज्याला वतनाची चाकरी नको त्याला ती सोडता यावी, आणि जमीन सारा भरून त्याच्याकडेच राहावी. हाडकी-हाडोळा राहील, येसकरकी जाईल. ते बिल तेव्हा निभावले नाही. वतन मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला. पण वाट त्यांनी १९२८ लाच दाखवली होती. चाकरी आणि चाकरीवर मिळणारी भाकरी, या दोहोंची गाठ सोडवायची. चाकरी टाकून द्यायची, भाकरीवरचा हक्क टाकायचा नाही.

आज यंत्राच्या बाबतीत तेच करायचे आहे. झाडूचा वारसा नको. यंत्राचा वारसा हवा.

तुम्ही म्हणाल, घोषणा चांगली आहे, पण यंत्रावर आपला हक्क कसा? मी विचारतो, ज्या गटारात यंत्र उतरणार ते आपल्या बापाने श्वास कोंडून इतकी वर्षे चालते ठेवले, त्यावर हक्क नाही? आणि एआयचे तर याहून उघड आहे. ते माणसांच्या बोलण्यातून, लिहिण्यातून बनले आहे, आणि त्या माणसांत आपणही आहोत. मराठी बोलणे यंत्राला शिकवण्यासाठी मुंबईतल्या झोपडपट्टीत आणि एका आदिवासी गावात लोकांकडून वाक्ये वाचून घेतली, असा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. लोकांनी मोबाइलवर वाचले, मोबदला घेतला. पुढे त्याच कामातून निघालेल्या 'कार्य' या संस्थेने नियम केला की गोळा केलेला आवाज पुन्हा विकला गेला तर देणाऱ्यालाही पुन्हा पैसे मिळावेत. एक छोटी संस्था हे करू शकते. म्हणजे ते अशक्य नाही, बाकीच्यांना करायचे नाही, एवढेच.

७

मग करायचे काय? मोठ्या क्रांतीचा कार्यक्रम मी देत नाही. तो देणारे पुष्कळ आहेत. मी आपल्या हातातले सांगतो.

आपल्या नगरपालिकेत जा आणि माहितीच्या अधिकारात विचारा: गटार साफ करायची यंत्रे किती घेतली, किती चालू आहेत, किती आवारात गंजत पडली आहेत, आणि त्या काळात माणसे किती उतरवली. हा कागद हातात आला की अर्धी लढाई झाली.

यंत्र आले तर त्याच्या चालकाची जागा आधी त्यालाच, जो काल आत उतरत होता. शिक्षण नगरपालिकेच्या खर्चाने, नोकरी कायम, कंत्राटी नाही. इथे मला एक भीती आहे ती लपवत नाही. गटाराच्या गाडीवर पुढची पन्नास वर्षे आपलाच माणूस बसला, तर जातीला चाक लावल्यासारखे होईल. म्हणून ही मागणी एका पिढीपुरती. ज्या दिवशी त्या जागेसाठी सगळ्या जातींची पोरे रांगेत उभी राहतील त्या दिवशी ते काम काम होईल. तोवर ते जातच आहे.

खोली नोकरीपासून सोडवा. ज्या घराने दोन पिढ्या शहर झाडले त्या घराच्या नावावर खोली झाली पाहिजे, मग पोरगा झाडू धरो की पुस्तक. ही मागणी मिळाली तर अर्ध्या पोरांना झाडू धरावाच लागणार नाही. आणि ती मिळेपर्यंत वारसा हक्काची एकही जागा सोडायची नाही. दुसरी काठी हातात आल्याशिवाय पहिली टाकणे हे शहाणपण नव्हे.

हापिसातल्या पोरांनी तासांची मागणी करावी. यंत्राने बारा माणसांचे काम तिघांवर आणले असेल तर बाराही जण कमी तास काम करू शकतात, त्याच पगारावर. मालक हसेल. आठ तासांनाही मालक हसला होता. भरतीची चाळण यंत्र लावत असेल तर ती चाळण कोणत्या भोकांची आहे ते उघड करा आणि खाजगी क्षेत्रात आरक्षण लावा, ही मागणी आता एकत्रच करावी लागेल. आणि हे कागदी बाण वाटत असतील तर आठवा, सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, आणि ओरड झाली म्हणून ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला.

शेवटची मागणी लांबची आहे, पण नजर तिच्यावर ठेवा. ज्या यंत्रात सगळ्यांचे शब्द आहेत ते चार कंपन्यांचे वतन होऊ शकत नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली मूळ उद्योग समाजाच्या मालकीचे मागितले. आजचा मूळ उद्योग हा आहे.

परवा तो दुसरा पोरगा भेटला, वारसा हक्कवाला. त्याची फाइल अजून टेबलावरच आहे. त्याला मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, बरोबर आहे. पण ऑर्डर निघाली तर मी हजर होणार. घरात आई आहे."

मी म्हणालो, "हजर हो. आणि संध्याकाळी बैठकीला ये."

जय भीम.